तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं मोठं धूड, मग इतकं हळू का पळतं?

जुना लष्करी ट्रक उभा दिसला की हा प्रश्न येतोच. पाठोपाठ दुसरा येतो: "गिअर बदलून टाकले तर?" तोंडी उत्तर देताना माझं नेहमी काहीतरी राहून जातं, म्हणून एकदा नीट लिहितो.

दुसऱ्या महायुद्धातला जीएमसीचा अडीच टनी सीसीकेडब्ल्यू घ्या. साडेचार लिटरच्या आतबाहेरचं पेट्रोल इंजिन, ताकद जेमतेम शंभर अश्वशक्ती. आजच्या लहान मोटारीतही एवढी असते. त्या ताकदीवर अडीच टन माल, मागे ट्रेलर, खाली चिखल. हे जमतं ते रेशोमुळे (चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनचे किती फेरे), आणि रेशो म्हणजे एकटा गिअरबॉक्स नव्हे. गिअरबॉक्स, त्यामागची ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलना ताकद वाटून देणारी, हाय आणि लो अशा दोन टप्प्यांची पेटी) आणि एक्सलमधली शेवटची दातेरी जोडी, म्हणजे क्राउन-पिनियन, या तिघांचा गुणाकार चाकापर्यंत पोचतो.

या ट्रकचा पहिला गिअर ६.०६, ट्रान्सफर केसचा लो २.६३, एक्सल ६.६. गुणाकार होतो १०५. म्हणजे इंजिनचे १०५ फेरे झाले की चाक एकदा फिरतं. इंजिन हजार आरपीएमवर ठेवलं तर ट्रक ताशी पावणेदोन किलोमीटरपेक्षाही हळू सरकतो. शेजारून चालणारा माणूस पुढे निघून जाईल. पण त्याच वेळी इंजिनचा फिरवण्याचा जोर (टॉर्क), घर्षणात जाईल तेवढा सोडून, शंभर पटीच्या घरात वाढलेला असतो. चढावर तो लो गिअरमध्ये एका लयीत वर जातो ते पाहिल्यावर त्याला हळू म्हणायची माझी तरी इच्छा होत नाही.

आता वरचं टोक. पाचवा गिअर ओव्हरड्राइव्ह, म्हणजे इंजिनपेक्षा जास्त वेगानं फिरवणारा, सुमारे ०.८. पण ट्रान्सफर केसचा हायसुद्धा सरळ एकास एक नाही, १.१६ आहे. तिथे थोडा वेग जातो आणि एक्सल ६.६ आहेच. हिशेब सहाच्या जरा वर थांबतो आणि ट्रक ताशी ४५ मैलांच्या, म्हणजे ७२ किलोमीटरच्या आसपास. पुढच्या पिढीतल्या एम३५ए२ चा एक्सल ६.७२, म्हणजे जवळपास तोच. तरी तो ५६ मैलांपर्यंत जातो. त्याचं टायर मोठं आहे आणि ट्रान्सफर केसचा हाय एकास एक आहे. म्हणून नुसत्या एक्सलच्या आकड्यावरून दोन ट्रकांची तुलना करू नका.

एम३५ च्या सुरुवातीच्या ट्रान्सफर केसमध्ये मला फार आवडणारी गोष्ट आहे: स्प्रॅग क्लच, म्हणजे एकाच दिशेनं पकडणारा क्लच. पुढच्या एक्सलकडे जाणारा शाफ्ट मुद्दाम किंचित हळू फिरवलेला असतो. मागची चाकं पकडून चालत असताना पुढची चाकं त्या शाफ्टच्या पुढे पळतात आणि क्लच मोकळा राहतो. मागची घसरू लागली की शाफ्ट पुढच्या चाकांना गाठतो, क्लच आवळतो आणि पुढचा एक्सल आपोआप ओढू लागतो. ड्रायव्हरला काही करावं लागत नाही. पण ही सगळी मजा टायरच्या मापावर उभी आहे. पुढे फार मोठं टायर बसवलंत तर ते हळू फिरेल आणि क्लच नको तेव्हा आवळेल.

सीसीकेडब्ल्यूसारख्यांत पुढचा एक्सल जोडण्याचं काम लिव्हरचं, आणि पुढच्या-मागच्या एक्सलांच्या मधे डिफरन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी यंत्रणा) नाही. कोरड्या, कडक रस्त्यावर पुढचा एक्सल जोडून वळण घेतलं की पुढची चाकं जास्त अंतर कापतात आणि तो फरक शाफ्टांमध्ये पीळ बनून साठतो. एकदा माझा लिव्हर असा अडकला की दोन्ही हातांनी हलेना. जोर लावत बसलो ही चूक. ट्रक फूटभर मागे घेतला आणि लिव्हर बोटानं सुटला.

तेव्हा बदलायचं का? तिन्ही एक्सलचे रेशो एकसारखे राहिले पाहिजेत. एकच बदललात तर हा पीळ सरळ रस्त्यावरही साठेल. शिवाय वेग वाढवलात तरी ब्रेक आणि स्टिअरिंग त्या काळाचेच राहतात. मी बदलणार नाही. फारच वाटलं तर सगळीकडे थोडी मोठी टायरं घाला. वेग पाच-सहा टक्के वाढेल, तेवढीच ओढ जाईल, आणि स्पीडोमीटर खरा वेग दाखवणार नाही.

पण आधी तुमच्या ट्रकमध्ये काय बसलंय ते बघा. इतक्या वर्षांत एक्सल कुणी बदललेला असू शकतो. पुढचा एक्सल सोडवून ठेवा, बाकीच्या चाकांना उटी लावा, पुढचं एकच चाक जॅकवर उचला. चाकावर आणि पुढच्या शाफ्टवर खडूनं खूण करा. चाक हातानं बरोबर दोन फेरे फिरवा. दुसरं चाक जमिनीवर अडलेलं असल्यानं डिफरन्शियलचा एकच फेरा होतो, म्हणून दोन. तेवढ्यात शाफ्टवरची खूण साडेसहा फेऱ्यांच्या जरा पुढे थांबली, तर सीसीकेडब्ल्यूचा तो एक्सल मूळच्या रेशोचा आहे.