कोळी ठेका आणि हाऊसची किक : अपडेट

ठेका बसला एकदाचा! कोळीगीत आणि हाऊस (क्लबात वाजणारं इलेक्ट्रॉनिक नाचाचं संगीत) एकत्र आणायचं माझं काम चाललंय. मागच्या वेळी लिहिलेलं ना की खाली किक, म्हणजे बेस ड्रमचा ठोका, सरळ चार-चार जातेय आणि वर कोळीगीताचा ठेका तिच्यात मुरतच नाहीये, नुसता वर तरंगतोय, तर तो प्रश्न शेवटी स्विंगच्या, म्हणजे थाप ठोक्याच्या किती टक्क्यांवर पाडायची त्याच्या, आकड्यात सुटला.

म्हणजे बघा, आपला कोळी ठेका सहाचा, दर ठोक्याचे तीन भाग, आणि हाऊसचं ग्रिड, म्हणजे सॉफ्टवेअरमधली आधीच आखलेली वेळेची चौकट, ठोक्याचे चार भाग करतं. १२४ बीपीएमला (मिनिटाला १२४ ठोके) एक ठोका साधारण ४८४ मिलिसेकंदांचा. ढोलकीची मधली थाप ग्रिडवर सरळ टाकली तर ती २४२ वर पडते, पक्क्या तिनाच्या हिशोबाने ३२३ वर. सॉफ्टवेअरमध्ये हेच ५० टक्के आणि ६६ टक्के स्विंग. पण एका हळदीत मोबाईलवर रेकॉर्ड केलेली बेंजो पार्टी (वरातीत-हळदीत वाजवणारा बँड) वेव्हफॉर्ममध्ये, म्हणजे आवाजाच्या आलेखात, मोठी करून बघितली तर थाप दोन्हीकडे नाहीच, ३०० ते ३१० च्या मध्ये कुठेतरी, आणि नाच रंगात आला की थोडी आणखी सरकते. स्विंग ६३ वर आणला आणि लूप हलायला लागला राव!

यातूनच एक गोष्ट डोक्यात घोळतेय. हा बेंजो मूळचा जपानी, ताइशोगोतो, १९१२ मध्ये नागोयात तयार झाला, टाइपरायटरसारखी बटणं दाबून वाजवायचं वाद्य. आपल्याकडे तो बुलबुल तरंग झाला, मग पिकअप लागला, ॲम्प्लिफायर आला आणि वरातीत शिरला. १९८५ ला रोलंड कंपनीने ऑक्टापॅड हा इलेक्ट्रॉनिक ड्रम पॅड काढला, तोही हळूहळू त्याच पार्टीत येऊन बसला. बाहेरून मशीन आलं की आपल्या वादकांनी ते आपल्या ठेक्याला जुंपलं, आणि वाजवणारे हात असल्यामुळे लचक टिकली. लॅपटॉपवर नेमकं उलटं होतं, ग्रिड आधीच आखलेलं असतं आणि ठेक्याने त्यात मावायचं.

२०२४ ला क्रेटेक्स आणि श्रेयसचं 'तांबडी चामडी' गाजलं तेव्हा मराठीत हाऊस चालतं हे सगळ्यांना कळलं, मला ते गाणं मनापासून आवडतं. आता त्याच्या मागून बरीच गाणी येणार, तयार लूप सगळ्यांकडे तेच, एआय टूल्स आहेतच. माझा अंदाज असा की पुढची मजा चालीत कमी आणि थापेच्या जागेत जास्त असणार, कारण ती जागा गावागणिक वेगळी आहे आणि कुठल्याही सॅम्पल पॅकमध्ये (तयार आवाजांच्या संचात) आयती मिळत नाही.

आता बेंजो लाइव्ह रेकॉर्ड करायचाय, क्वांटाइझ (थापा आपोआप ग्रिडवर सरकवणं) अजिबात न करता. कुणाकडे कोळीगीतांच्या जुन्या कॅसेट असतील तर प्लीज सुरुवातीचा नुसत्या ढोलकीचा तुकडा काढून थाप कितीवर पडते ते मोजून टाका, मला उरण-अलिबागकडचा आणि वसईकडचा ठेका शेजारी-शेजारी ठेवून बघायचाय.