वडापचं भाडं

"बाई, रिटायर झालात, आता जरा बसा की घरी. पावतीपुस्तक घेऊन दारोदार कशाला फिरता? आणि शंभर-पन्नास रुपयांनी असं होतं तरी काय?"

गेल्या महिन्यात पुण्याला भाचीच्या लग्नात, पंगतीत बसल्यावर, एका विहीणबाईंनी विचारलं. त्यांचा काही दोष नाही, वर्षातून दहाजण तरी हेच विचारतात. पंगतीत उत्तर देता येत नाही. मठ्ठा येतो, जिलबीचा आग्रह होतो, आणि उत्तर थोडं लांबण लावणारं आहे. म्हणून आता सवडीनं लिहिते.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्याच्या कोरड्या अंगाला. गावाचा एक छोटा निधी आहे. दोनशेच्या आसपास घरं वर्षातून दोनदा, एकदा सुगी झाल्यावर आणि एकदा यात्रेच्या आधी, ऐपतीप्रमाणे पैसे देतात. कुणी पाचशे देतं, कुणी वीस. दोन-तीन घरं अजून पायलीभर ज्वारीच घालतात, ती आम्ही विकतो. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात रीतसर नोंदणी आहे, साताऱ्याचे एक सीए दरवर्षी हिशेब तपासतात. शिक्षण, रोजगार, आरोग्य असे तीन रकाने वहीत त्यांनीच पहिल्या वर्षी आखून दिले. त्या तीन रकान्यांनी मला जेवढा ताप दिलाय तेवढा तीस वर्षांत चौथीच्या वर्गानंही दिला नाही.

सगळ्यात आधी वडापचा खर्च सांगते, कारण लोकांना तोच पटत नाही. वडाप म्हणजे माणसं भरली की सुटणारी जीप, नऊजणांच्या जागेत चौदाजण. आमच्या मुली दहावीनंतर तालुक्याला ज्युनियर कॉलेजला जातात. खेड्यातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट असतो, अहिल्याबाई होळकरांच्या नावाची योजना आहे, आणि चांगली आहे. पण सायन्सचं प्रॅक्टिकल सुटतं पाचला. आमच्याकडची एसटी निघते साडेचारला, आणि त्यानंतरची पार अंधार पडल्यावर. मग घरात काय बोलणं होतं ते मला पाठ आहे: "आर्ट्सला घाल तिला, प्रॅक्टिकलची भानगड नको." म्हणजे पोरीनं डॉक्टरीण व्हायचं की नाही हे साताऱ्याच्या डेपोतलं वेळापत्रक ठरवणार! एसटीला अर्ज दिले, सह्या घेतल्या, एकदा गाडी सुरूही झाली, पाच महिने चालली, प्रवासी कमी म्हणून बंद झाली. शेवटी वडापवाल्याशी बोलणी केली. प्रॅक्टिकलच्या दिवशी तो साडेपाचपर्यंत थांबतो, मुलींना पुढच्या सीटांवर बसवतो, आणि महिन्याच्या एक तारखेला निधीतून भाडं घेऊन जातो. यंदा सातजणी आहेत.

पास सरकारनं दिला, कॉलेज होतंच. अडलं होतं ते साडेपाच वाजता.

ही गोष्ट एकदा लक्षात आली की सगळीकडे तीच दिसायला लागते. खालच्या आळीत एकांच्या किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, साताऱ्याला. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस मोफत होतं, त्यात एक रुपया लागला नाही. एसटीतही अशा पेशंटला सवलत आहे. पण त्यांना पाळी मिळाली होती सकाळी सातची, आणि पहाटे पाचला गावातून कोणती एसटी सुटते? शिवाय चार तास मशीनवर काढून आलेला माणूस स्टँडवर उभा राहत नाही हो, त्याला धरून बसवावं लागतं. एका फेरीचं भाडं त्यांच्या घरातल्या दोन दिवसांच्या मजुरीएवढं होतं. दर फेरीला बायको हाजरी बुडवून बरोबर जायची ती वेगळीच. पहिल्या महिन्यात त्यांनी दोन फेऱ्या चुकवल्या. फुकटची मशीन साताऱ्यात रिकामी, आणि माणूस इथे पाय सुजवून अंगणात बसलेला. मग गाडीचं भाडं निधीतून द्यायला लागलो.

कंपन्यांचं काय, असा पुढचा प्रश्न असतो. २०१३च्या कंपनी कायद्यात नफ्याच्या दोन टक्क्यांची तरतूद आहे, मोठ्या कंपन्यांना ती रक्कम समाजकार्यावर घालवावी लागते, हे मला माहीत आहे. आमच्या शाळेलाही मिळालं होतं त्यातून. एका कंपनीनं पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवलं, फीत कापली, फोटो झाले. दीड वर्षानं त्याचा फिल्टर बदलायची वेळ आली, तेव्हा कंपनीच्या लेखी तो प्रकल्प 'पूर्ण' झालेला. झेडपीच्या लेखी ते यंत्र त्यांचं नव्हतंच. मुलं पुन्हा हापशावर. शेवटी फिल्टर कुणी बदलला? ज्वारी विकून आलेल्या पैशांनी. कंपनीला मी नावं ठेवत नाही, एवढं यंत्र आमच्या बापजन्मात आम्हाला परवडलं नसतं. पण दूरचा पैसा मोठा असतो आणि एकदाच येतो. जवळचा पैसा चिमूटभर असतो, पण पुन्हा येतो. फिल्टरला पुन्हा येणारा पैसा लागतो.

आम्हीही काही कमी चुका केल्या नाहीत. दुसऱ्याच वर्षी, 'रोजगार'चा रकाना रिकामा दिसतो म्हणून, नऊ शिलाई मशीन वाटली. मीच पुढाकार घेतला होता. सरपंचांच्या हस्ते कार्यक्रम, नारळ, हार, सगळं. वर्षभरानं फिरून पाहिलं तर तीन चालू. एक विकलेलं, एकावर टीव्ही ठेवलेला, त्याच्यावर क्रोशाचा रुमालसुद्धा. मी आधी बायकांवरच चिडले. मग एकीच्या ओट्यावर बसले, म्हटलं, मला एक काज करून दाखव. तिनं सुई हातात घेतली, दोरा तोंडात ओला केला आणि तीन वेळा सुईच्या शेजारून घातला. मग लाजून म्हणाली, "बाई, दिवस असतो तवा दिसतं जरा." वय बेचाळीस. डोळ्यांत दुसरं काही नव्हतं, जवळचं दिसत नव्हतं इतकंच. चाळिशी लागते तिला आमच्याकडे कुणी आजार मानत नाही, आणि बाईमाणसाला वाचायचंय काय म्हणून चष्माही कुणी करत नाही.

पुढच्या तपासणी शिबिरात तिला चष्मा मिळाला, दीडशे रुपयांचा. तिघींना मिळाला. त्यातल्या दोघी आज शाळेचे गणवेश शिवतात, आणि रुमाल टीव्हीसकट खाली उतरलाय. बाकीच्या मशीनची कारणं वेगवेगळी निघाली. एकीला कापड घ्यायला भांडवल नव्हतं, एकीच्या सासूला शिलाईचा आवाज सहन होत नव्हता. त्यावर निधीकडे काही इलाज नाही.

मग वहीशी भांडण. चष्म्याचे साडेचारशे रुपये कोणत्या रकान्यात? सीए म्हणाले आरोग्य. मी म्हटलं, अहो, डोळा बरा होता तिचा, धंदा आजारी होता. ते हसले आणि आरोग्यातच लिहिलं. वडापचं भाडं शिक्षणात गेलं, पण त्यातल्या दोघी मुली आता नर्सिंगला आहेत. मग ते कुठलं म्हणायचं? मी आता वाद घालत नाही.

मशीनचा धडा घेऊन पुढे शेळ्या दिल्या, पण निराळ्या रीतीनं. आमच्याकडे शेळी अर्धलीनं सांभाळायला द्यायची जुनी पद्धत आहे. सांभाळणाऱ्याचा आणि मालकाचा पिल्लांत निम्मा वाटा. त्यावरून ठरवलं की निधीची गाभण शेळी घ्या, पहिली पाट, म्हणजे मादी पिल्लू, झाली की मोठी करून निधीला परत द्या, बाकी सगळं तुमचं. ती पाट पुढच्या घरी. पाच शेळ्यांपासून सुरुवात केली. एका पावसाळ्यात दोन दगावल्या, कारण आंत्रविषार या शेळ्यांच्या रोगाची लस पावसाच्या आधी टोचायची ते आम्ही पाऊस सुरू झाल्यावर टोचत बसलो. आता मे महिन्यात मी स्वतः पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन बसते. सध्या चौदा घरांत शेळी आहे. पाट परत करताना मात्र प्रत्येकीला तिचा लळा लागलेला असतो, आणि "बाई, हिच्याऐवजी पैसं घ्या" ऐकावंच लागतं.

हे सगळं आम्ही नव्यानं शोधून काढलंय असं नाही. आमच्या जिल्ह्यात तर नाहीच. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळ काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ला साताऱ्यात आणली आणि सगळ्या जातींची मुलं एका वसतिगृहात, एका पंक्तीला जेवायला बसवली. ती पंगत चालायची कशावर, तर मुष्टिफंडावर. घराघरातून मूठ मूठ धान्य. माझी आजी सांगायची, दळायला बसताना जात्यात पहिला घास घालण्याआधी एक मूठ बाजूच्या गाडग्यात टाकायची, 'बोर्डिंगच्या पोरांची'. तिला स्वतःला अक्षर येत नव्हतं. आणि मूठ कमी पडली तेव्हा कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या अंगावरचे दागिने गेले, मंगळसूत्रसुद्धा. मी स्वतः रयतच्या शाळेत शिकले, त्यामुळे त्या गाडग्याचं थोडं देणं माझ्याकडे आहेच.

त्याच्याही आधी अंताजी काळ्यांचा पैसा फंड होता, माणशी एक पैसा. त्यातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला आणि तिथे मुलांना काचेचं काम शिकवलं गेलं. लोकमान्यांचा त्याला पाठिंबा होता. आणि अण्णासाहेब कर्वे! १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तरीत, ज्या गावांत शाळा नाही तिथे शाळा काढायला संस्था काढून पुन्हा दारोदार फिरायला निघाले. हे आठवलं की माझ्या गुडघ्यांची कुरकुर बंद होते. म्हणजे, थोडा वेळ.

आता गावाचीही जरा तक्रार करते, माझाच गाव आहे. मंदिराच्या जीर्णोद्धाराला आमच्या गावानं आणि मुंबईकर मंडळींनी मिळून जेवढे पैसे एका वर्षात काढले, तेवढे निधीला माझ्या हयातीत मिळायचे नाहीत. मंदिर सुंदर झालंय, मी रोज जाते. पण पायरीपायरीवर नाव आहे. संगमरवरात नाव कोरता येतं तिथे माणसाचा हात सैल सुटतो. वडापच्या सीटवर पाटी लावता येत नाही. मुंबईच्या एका भावकीतल्या दिराला मी म्हटलंही, भाऊजी, एका पोरीचं वर्षाचं भाडं द्या. ते म्हणाले, "वहिनी, देतो की. पण दिसणार कुठं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी त्यांनी दिले, पण दोन वर्षं विचार करून.

आणखी एक सल आहे. "बाईंचा निधी आहे की" असं म्हणून गावानं एसटीच्या मागे लागणं सोडून दिलं. पहिल्या दोन वर्षांत आगारप्रमुखाकडे वीसजण जायचे, आता मी आणि एक निवृत्त कंडक्टर जातो. निधीनं ही एक वाईट सवय लावली, हे मला कबूल करावंच लागेल.

वीस रुपयांनी काय होतं, याचं एक उत्तर मात्र पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मिळतं. त्या दिवशी मारुतीच्या पारावर हिशेबाचं वाचन असतं. पाचशे देणारे सहसा येत नाहीत. वीसवाले झाडून येतात. एक आजी आहेत, कानानं कमी, पुढे येऊन माझ्या गुडघ्याला टेकून बसतात. एका वर्षी मी वाचलं, "शेळ्यांची औषधं, अकराशे चाळीस." त्या म्हणाल्या, "गेल्या साली आठशे हुतं, शेळ्या तेवढ्याच." बरोबर होतं. औषधाच्या बिलात एका खासगी गाईचं बिल चुकून शिरलं होतं, तीनशे चाळीस रुपये. चारचौघांत माझी मान खाली गेली आणि दुसऱ्या दिवशी ते पैसे मी माझ्या पेन्शनमधून भरले. साताऱ्याच्या सीएंना ते बिल दिसलं नव्हतं. त्यांना कशी कळणार आमच्या शेळ्यांची संख्या? आजींच्या वीस रुपयांतून लस किती आली असेल ती असो, तीनशे चाळीस रुपये वाचले.

डायलिसिसवाले गेल्या श्रावणात गेले. अडीच वर्षं निघाली त्यांची. तेरावं झाल्यावर त्यांची बायको सकाळीच ओट्यावर आली. पदराच्या गाठीत पैसे होते. महिन्याचं भाडं आम्ही आगाऊ देत असू, त्यातल्या तीन फेऱ्या झाल्या नव्हत्या. मी म्हटलं, राहू दे ग, तुला लागतील. ती ऐकेना. मग म्हटलं, बरं, देणगी म्हणून पावती फाडते. तर तेही नको. "देनगी न्हाई बाई. उरलेलं हाय."

परत आलेल्या पैशाला आमच्या वहीत रकानाच नव्हता. मी पट्टी घेतली आणि आरोग्याच्या शेजारी, समासात, पेन्सिलीनं एक रेघ मारली. सीए मार्चअखेरीला विचारतील, हे काय म्हणून.