मिस हॅविशॅमचं वय काय?

परवा दुपारी मटार सोलत बसले होते. भाची समोर लॅपटॉपवर 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' बघत होती, डिकन्सच्या कादंबरीवरचा सिनेमा, माइक न्यूवेलचा, २०१२ सालचा. मध्येच ओरडली, "मावशी, ही तर बेलाट्रिक्स!" मान वर करून बघितलं तर हेलेना बोनहॅम कार्टर, मिस हॅविशॅमच्या वेषात. म्हणजे नवरदेवाने लग्नाच्या दिवशीच दगा दिल्यावर तोच पोशाख अंगावर ठेवून, लग्नाचं टेबलही तसंच मांडलेलं ठेवून वर्षानुवर्षं घरात बसलेली बाई. त्याआधी दफनभूमीत कैदी म्हणून व्होल्डेमॉर्ट येऊन गेलाच होता, आणि हॅग्रिड वकिलाच्या कोटात होता. हॅरी पॉटरचं हे संमेलन भाचीला डिकन्सपेक्षा जास्त भावलं.

मला खटकली ती जळमटं. लग्नाच्या टेबलावर ती अशी सुरेख सोडलेली, की गौरीपुढची आरासच. ज्यांनी दर दिवाळीआधी माळा झाडलाय, त्यांना जळमट म्हणजे काय ते माहीत असतं. काळपट, चिकट, कोपरा धरून बसलेलं. झाडूला गुंडाळून येतं आणि मग झाडूच धुवावा लागतो. डिकन्सला हे पक्कं ठाऊक होतं. त्याच्या टेबलावर मधोमध जे काही आहे त्याचा आकारच कळत नाही, काळ्या बुरशीसारखं वाढत चाललेलं काहीतरी. त्यातून ठिपकेदार पायांचे कोळी लगबगीने ये-जा करतायत, जणू त्यांच्या समाजात आत्ताच काहीतरी मोठं घडलंय. भिंतीमागे उंदीर आहेत. शेकोटीजवळ काळे किडे, तेही बापडे आपापल्या चालीने चाललेले. हे वाचताना अंगावर काटा येतो आणि हसूही येतं. पडद्यावर नुसतं सुंदर दिसतं.

माझी आणखी एक खोड आहे. ही कादंबरी पडद्यावर आली, की मी मिस हॅविशॅमच्या पायांकडे बघते. नवरदेवाचं पत्र आलं तेव्हा ती नटत होती. एक बूट पायात, दुसरा अजून टेबलावर. घड्याळं त्याच क्षणी थांबवलेली, आठ चाळीसला. घड्याळ सगळे दाखवतात, ते सोपं आहे, एक काटा इकडे, एक काटा तिकडे. मी बूट शोधते. मग शेजारी बसलेल्याला कोपराने ढोसून "पुस्तकात असं नाहीये हं" म्हणते. माझ्याबरोबर सिनेमाला यायला घरातले कुरकुरतात ते काही उगाच नाही.

तसं पाहिलं तर या बाईला लोकांनी कुठे कुठे नेऊन बसवलंय! १९९८ साली आल्फोन्सो क्वारॉनने तिला फ्लोरिडात नेलं, नावही बदललं, कादंबरीचा नायक पिप, त्याचा चित्रकार केला आणि सगळीकडे हिरवा रंग ओतला. २०१६ च्या 'फितूर'मध्ये ती काश्मिरात बेगम झाली. तबू होती म्हणून बघवलं. पण त्यातला नायकही चित्रं काढणारा, त्यामुळे मला तरी तो डिकन्सचा कमी आणि क्वारॉनचा जास्त वाटला. २०२३ मध्ये स्टीव्हन नाइटच्या मालिकेत ऑलिव्हिया कोलमनच्या हातात अफू दिली. का, तर बाई अशी विचित्र वागते त्याला काहीतरी कारण हवं! हल्लीच्या मालिकांचा हा एक आजारच आहे. कुणी विनाकारण विचित्र असलेलं त्यांना चालतच नाही. लग्नाच्या दिवशी फसवलं गेलं, एवढं कारण पुरत नाही काय?

पण मी वयाचं सांगणार होते. २०११ च्या बीबीसी मालिकेत जिलियन अँडरसन ही मिस हॅविशॅम झाली तेव्हा तिचं वय त्रेचाळीस. बऱ्याच जणांनी नाकं मुरडली, ही फारच तरुण, ही कसली मिस हॅविशॅम! आता कादंबरीतल्या वर्षांचा हिशेब मांडा. पिप पहिल्यांदा त्या घरात जातो तेव्हा ही बाई चाळिशीच्या आसपासची निघते. म्हणजे जिलियन अँडरसन अगदी बरोबर वयाची. आपल्याला ती सत्तरीची वाटते कारण गोष्ट सांगतोय पिप, आणि तेव्हाचा पिप एवढासा पोर आहे.

आमच्या वाड्यात वरच्या मजल्यावर एक काकू होत्या. चेंडू त्यांच्या गॅलरीत गेला की गेला, परत मिळायचा नाही. आम्ही पोरं त्यांना आपसात 'थेरडी' म्हणायचो. जिन्यात त्यांच्या चपलांचा आवाज आला की कोळशाच्या पोत्यांमागे लपायचो. त्यांचे हात सुरकुतलेले होते, पाठीला बाक होता, हे मी आजही शपथेवर सांगेन. मग एके दिवशी त्यांच्या पंच्याहत्तरीचं आमंत्रण आलं. मी चक्रावले, या अजून पंच्याहत्तरच? बोटांवर वजाबाकी केली. आम्ही त्यांना थेरडी म्हणत होतो तेव्हा त्यांनी चाळिशीही गाठली नव्हती. समारंभात त्या पैठणी नेसून ताठ बसल्या होत्या. बाकबिक काही नाही. मी वाकून नमस्कार केला तर म्हणाल्या, "तूच ना गं ती, चेंडू मागायला नेहमी धाकट्या भावाला पुढे करणारी?"

ही वजाबाकी कॅमेऱ्याला कशी जमावी? त्याच्यासमोर खरीखुरी नटी बसलेली असते. ती त्रेचाळीसची असेल तर त्रेचाळीसचीच दिसणार, वर मेकअप काय थापायचा तो थापा. त्यातल्या त्यात डेव्हिड लीनला जमलं होतं, १९४६ साली. त्याच्या सुरुवातीच्या प्रसंगात दफनभूमीतली झाडंही त्या पोराच्या अंगावर येतात. तिथे आपणही सात वर्षांचे होतो. (मोठा झालेला पिप म्हणून जॉन मिल्स येतो, वय वर्षं अडतीस, ते सोडून द्या.) शेवटी पिप पडदे खसाखस ओढून त्या घरात ऊन आणतो. हे पुस्तकात नाही, आणि तरी मी कुणाला कोपराने ढोसत नाही.

शेवटाच्या बाबतीत तर खुद्द डिकन्सनेच माघार घेतलेली. आधी त्याने पिप आणि एस्टेला (मिस हॅविशॅमने वाढवलेली, पिपचा जीव जडलेली मुलगी) यांची कायमची ताटातूट केली होती. बुल्वर-लिटन या लेखकमित्राने मन वळवलं, मग नवा, जरासा आशेचा शेवट आला. आणि कादंबरी सुरू तरी का झाली? त्याच्या साप्ताहिकात दुसऱ्याच एकाची कादंबरी चालू होती, ती वाचकांना आवडेना, खप घसरायला लागला. तेव्हा हा स्वतः धावून आला. डिसेंबर १८६० ते ऑगस्ट १८६१, दर आठवड्याला एक हप्ता. आपण आज टीआरपीच्या नावाने बोटं मोडतो!

तर लीनच्या त्या सिनेमात लहानगी एस्टेला होती जीन सिमन्स. शूटिंगच्या वेळी सोळा-सतरा वर्षांची. हातात मेणबत्ती घेऊन पिपला अंधाऱ्या जिन्यावरून वर नेणारी, कमालीची शिष्ट पोरगी. १९८९ साली याच कादंबरीवर आणखी एक मालिका निघाली. त्यात अँथनी हॉपकिन्स कैदी होता, आणि मिस हॅविशॅम होती जीन सिमन्स. तीच. साठीची.

मला तेव्हापासून एकच गोष्ट बघायचीये. दार उघडतं, नवी एस्टेला आत येते, त्या क्षणी खुर्चीतल्या जीन सिमन्सचा चेहरा. तिथे अफूबिफू काही लागणार नाही. मालिका अजून माझ्या हाती लागलेली नाही. कुणाकडे असेल तर कळवा, मी येऊन बघून जाईन. कोपराने ढोसणार नाही, असा शब्द मात्र देत नाही.