तीस सेकंदांचा नियम

आमच्या क्लबच्या पहिल्या इलेक्ट्रिक ग्लायडर (मोटरने वर चढून मग मोटर बंद करून तरंगणारी रिमोटची छोटी विमानं) स्पर्धेचा नियम मीच लिहिला होता आणि तो एका ओळीचा होता: मोटर जास्तीत जास्त ३० सेकंद चालवायची, मग विमान जितका वेळ हवेत राहील तितके गुण. सगळ्यांना एकच घड्याळ, म्हणजे न्याय झाला असं मला मनापासून वाटलं होतं. मैदानात मात्र जोरकस मोटरची विमानं तीस सेकंदांत ठिपक्याएवढी झाली. एका शाळकरी मुलीचं फोमचं विमान तेवढ्याच वेळात जेमतेम झाडांच्या शेंड्यांवर पोचलं. तिने तेवढ्या उंचीचं सोनं केलं. गिरक्या घेणाऱ्या घारीमागे विमान नेलं, थर्मल, म्हणजे वर चढणारी गरम हवा, पकडलं आणि सहा मिनिटं काढली. तरी ती शेवटून दुसरी आली. "काका, माझं काय चुकलं?" तिने विचारलं. तिचं काहीच चुकलं नव्हतं.

बैठकीत पहिली सूचना आली ती मोटर आणि बॅटरीवर मर्यादा घालण्याची. सरावाच्या दिवशी तेही करून पाहिलं. सकाळ वजनकाट्यापाशीच गेली. त्यातून कळलं ते इतकंच, की सारख्या वजनाच्या दोन बॅटऱ्या सारखा करंट देत नाहीत, आणि प्रोपेलर बदलला की हिशेब पुन्हा पहिल्यापासून.

मग एफएआय या जागतिक हवाई क्रीडा संघटनेचे एफ५जे, म्हणजे अशाच इलेक्ट्रिक ग्लायडरच्या, गटाचे नियम वाचायला घेतले. तिथे मोटर केवढी हे कोणी विचारत नाही, किती उंची घेतलीत हे विचारतात. विमानातला छोटासा अल्टिमीटर, म्हणजे उंचीमापक, विमान हातातून सोडल्यापासून मोटर बंद झाल्यावर १० सेकंदांपर्यंतची सर्वाधिक उंची नोंदवतो. हे १० सेकंद महत्त्वाचे, कारण वेगात असलेलं विमान मोटर थांबल्यावरही वर चढतच राहतं. २०० मीटरपर्यंत दर मीटरला अर्धा गुण कापला जातो, त्यापुढे दर मीटरला ३. म्हणजे नोंदलेली उंची १२० मीटर असेल तर ६० गुण जातात आणि २३० मीटर असेल तर १९०. हा हिशेब फळ्यावर मांडला तेव्हा खोलीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. मोठी मोटर ठेवा, पण उंचीचं मोल द्या, यावर भांडायला जागाच नव्हती.

वाद झाला तो हवेवरून. सकाळी थंड, जड हवेत उडवणारा आणि दुपारी उठत्या थर्मलमध्ये उडवणारा यांची मिनिटं एकमेकांशी कशी तोलायची? यासाठी गट पाडले, तेही चिठ्ठ्या टाकून. एका गटातले सगळे एकाच दहा मिनिटांत उडवतात, गटातल्या पहिल्याला १००० आणि बाकीच्यांना त्याच्या प्रमाणात गुण. पहिल्याचे ६१२ असतील तर ५४० वाल्याला ८८२. माझ्या मते अख्ख्या नियमावलीतलं हे सर्वात प्रामाणिक कलम आहे, कारण तुलना एकाच आकाशाखालच्यांची होते.

खुणेजवळ उतरण्याच्या गुणांचं कलम सुरक्षेसाठी मी हट्टाने कडक ठेवलं. खुणेजवळ उतरण्याच्या नादात एकाने विमान नाकावर रोवलं, मदतनिसाच्या बुटापासून वीतभर अंतरावर. त्यानंतर ठरलं: विमान माणसाला लागलं तर उतरण्याचे गुण शून्य. अंतर नाकापासून मोजायचं, टेप दोघांनी धरायची आणि आकडा मोठ्याने सांगायचा.

दुसऱ्या स्पर्धेत त्या मुलीने ७० मीटरलाच मोटर बंद केली आणि तिच्या फेरीत गटात दुसरी आली.

एक कलम अजून अडलंय. हवेत दोन विमानं धडकली तर पुन्हा उडवायची संधी दोघांनाही द्यायची, की ज्याचं शाबूत आहे त्याने उड्डाण चालू ठेवायचं? माझं मत दोघांना संधी देण्याचं आहे, पण ज्याला ती हवी त्याने लगेच, उतरल्यावर निकाल पाहण्याआधी मागायला हवी. मसुद्यात तसं लिहून ठेवलंय.