आईच्या खोलीचा हिशेब

आईचे गुडघे दुखायला लागले आणि रात्री अंगणातून न्हाणीपर्यंत जाणं तिला जमेना. गोव्यात पेडणे तालुक्यातलं आमचं घर जुनं, न्हाणी मागे सुटी. या दोहोंच्या मधल्या जागेत तिच्यासाठी बारा बाय चौदा फुटांची खोली बांधायची असं ठरलं. घराची मागची भिंत चिऱ्याची असली तरी मातीत रचलेली. तिच्यावर नवा भार टाकायला माझं मन धजेना. म्हणून लाकडी सांगाडा, स्वतःच्या खांबांवर उभा, जुन्या भिंतीपासून दोन इंच सुटा.

मेस्त, म्हणजे आमचे सुतार, आले ते सुतळी घेऊन. माझ्या कल्पनेत जुनंच छप्पर तसंच पुढे ओढायचं होतं. त्यांनी सुतळीचं एक टोक वळचणीला बांधलं, साडेसात फुटांवर. दुसरं टोक धरून ते बारा फूट मागे गेले आणि छपराच्या उताराच्या रेषेत सुतळी ताणली. ती जमिनीपासून अर्ध्या फुटावर आली! तीस अंशांचा उतार बारा फुटांत जवळजवळ सात फूट खाली उतरतो, हे मी कागदावर कधी मांडलंच नव्हतं.

"उतार कमी केला तर?"

"मंगळुरी कौल आहे सर. वाऱ्याचा पाऊस लागला की पाणी कौलाखालून उलटं चढतं."

मग आढं काटकोनात फिरवलं. खोलीला स्वतःचं दुपाखी छप्पर, आठ फुटांवर भिंतीचा माथा, बारा फुटांवर आढं. डोक्यावरची उंची मिळाली, पण जुनं आणि नवं छप्पर जिथे भेटतं तिथे दोन पन्हळी आल्या. आमच्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि छपराच्या दोन बाजूंचं पाणी त्या अरुंद पन्हळीत एकवटतं. अॅल्युमिनियमचा जाड पत्रा, कौलांखाली दोन्ही बाजूंनी चांगला आत घुसवलेला, असं ठरलं. माझ्या पहिल्या अंदाजात या पन्हळींना एक रुपयाही धरला नव्हता.

कागदपत्रांत चार महिने गेले. एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या हक्काच्या कागदावर, मुंबईतल्या चुलत भावांची नावं असल्यानं त्यांच्या संमत्या आणाव्या लागल्या. आराखडा, नगर नियोजन खात्याची तांत्रिक मान्यता, आरोग्य केंद्राचा दाखला आणि शेवटी पंचायतीचा बांधकाम परवाना. लाकडी असलं तरी बांधकाम ते बांधकामच. परसातला फणस कापून लाकूड काढावं असं एकदा मनात आलं होतं. पण गोव्यात १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली आपल्या जागेतलं झाड तोडायलाही परवानगी लागते. शिवाय ओलं लाकूड सुकायला थांबणार कोण? आणि खरं सांगायचं तर त्या फणसाखाली आई रोज बसते.

लाकडाचा हिशेब मात्र मी स्वतः केला आणि प्रत्येकानं करावा असं मला मनापासून वाटतं. रुंदी आणि जाडी इंचांत, लांबी फुटांत, तिघांचा गुणाकार करून १४४ ने भागलं की घनफूट. सहा बाय सहाचे नऊ फुटी सहा खांब म्हणजे साडेतेरा घनफूट. तुळया, आढं, अठरा वासे आणि रिपा धरून बेरीज साडेअठ्ठेचाळीस. चिरणं-तासणं, गाठी-तडे यांत जाणारं धरून पंचावन्न. एका वखारीनं ओंडक्याचा दर सांगितला, तो फार स्वस्त वाटला. पण ओंडका मोजतात घेराच्या चौथ्या हिश्शाचा वर्ग गुणिले लांबी असा आणि चिरल्यावर हाती येतं ते वेगळंच. ओंडक्याचा आणि चिरलेल्या लाकडाचा दर शेजारी मांडून तुलना केली असती तर फसलो असतो.

सागवान परवडेना. माटी घेतलं, ज्याला घाटावर ऐन म्हणतात. मजबूत लाकूड, पण घाईनं सुकवलं तर टोकांना फाटतं. म्हणून टोकांना मेण लावून सावलीत थप्पी रचली, मध्ये पट्ट्या देऊन. बावीसशे रुपये घनफुटानं १,२१,००० आणि वर अठरा टक्के जीएसटी. बिल आणि वाहतुकीचा पास मागून घेतला. मोडलेल्या जुन्या पडवीतले किंदळाचे चार वासे ठोकून पाहिले, आवाज खणखणीत आला. तेही वापरले.

खांब जमिनीत गाडायचे नाहीत, हा माझा एकच हट्ट होता. दीड फूट जोतं, त्यावर जस्त चढवलेले लोखंडी बूट, खांबाचा तळ दगडापासून बोटभर वर. वाळवी आणि ओल दोन्ही तिथूनच शिरतात. तळाला काजूबियांच्या सालीचं तेल दोन हात दिलं. त्यानं कातडी भाजते, हातमोजे घालूनच लावा. कौलांचं वजनही मोजलं. चौरस मीटरला पंधरा कौलं, एक साधारण अडीच किलोचं. साडेचारशेहून जास्त कौलं, म्हणजे अकराशे किलोंच्या वर भार, तोही कोरडा असताना. तो ऐकल्यावर वाशांमधलं अंतर वाढवून पैसे वाचवायचा विचार मी सोडला.

मनात धरले होते तीन लाख, लागले ४,६८,०००. त्यात लाकूड, करासकट, एक तृतीयांशही नाही. पाया आणि जोतं ८८,०००, मेस्त आणि मदतनीस मिळून ५३,०००. बाकी दारं-खिडक्या, कौलं, पन्हळी, वीज, खोलीतली जमीन करणं, आराखडा. "लाकडाचं घर" म्हणून मी फक्त लाकूडच मोजत बसलो होतो, ही चूक मला महागात पडली.

मेच्या शेवटी आई आत झोपायला आली. पहिल्या पावसात डाव्या पन्हळीखाली ओल दिसली. तिथलं एक कौल उचलून नीट बसवल्यावर थांबली. माटी अजून थोडं आक्रसणार आहे. दिवाळीनंतर सांध्यांचे बोल्ट पुन्हा आवळायला मेस्तांनी सांगितलंय, पाना मी तिच्या खिडकीत ठेवून दिलाय.