तिंबायची नाही अशी कणीक

मराठी हाताला ओलं पीठ लागलं की तो आपोआप तिंबायला लागतो. पोळीची कणीक असो की पुरणपोळीची, तेलाचा हात लावून ती लवचीक होईपर्यंत सोडायची नाही, ही पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या घरांतलं ड्रॉप बिस्किट याच सवयीच्या मुळावर उठलेलं आहे. पीठ जितकं कमी हाताळाल, तितकं ते चांगलं होतं. चहात बुडवायचं कुरकुरीत बिस्किट आधी डोळ्यांपुढून काढून टाका. हे वरून खरबरीत आणि सोनेरी, आतून मऊ आणि वाफाळतं, गोड नसलेलं, जेवणाबरोबर खायचं बिस्किट आहे. यीस्ट नाही, लाटणं नाही, साचा नाही. सैलसर पीठ चमच्याने ट्रेवर टाकायचं आणि ओव्हनमध्ये सरकवायचं. वजनकाटा काढल्यापासून ताटात पडेपर्यंत पाऊण तास पुरतो.

या कामाला आपली खपली, हा जुना गहू, फार चपखल बसते. तिकडे दक्षिणेत हे बिस्किट मऊ जातीच्या हिवाळी गव्हाच्या मैद्याचं करतात, ज्यात प्रथिनं जेमतेम आठ-नऊ टक्के असतात. खपलीत प्रथिनं कमी नसतात, पण तिचं ग्लुटेन, म्हणजे कणकेला ताण देणारं प्रथिन, दुबळं. ते चिकटतं, ताणलं की तुटतं. म्हणून खपलीचा पाव धड फुगत नाही आणि पोळी लाटताना कडा चिरतात. पावाच्या बाबतीतली ही खोट इथे कामाला येते. बिस्किटात चिवटपणा नको असतो, आणि खपलीकडे तो द्यायला नसतोच.

खपली म्हणजे एमर गहू, पश्चिम आशियात सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी लागवडीत आलेला. दाण्याला टरफल इतकं घट्ट की मळणीत निघत नाही, कांडावं लागतं. सांगली-कोल्हापूर आणि उत्तर कर्नाटकात गव्हाच्या खिरीसाठी ती टिकून राहिली. आणि हो, अमेरिकेशी तिची ओळख जुनी आहे. १९२२ मध्ये मिनेसोटातल्या स्टॅकमन आणि लेव्हाइन या संशोधकांनी खोडावरच्या तांबेरा रोगाचे प्रकार ओळखण्यासाठी बारा गव्हांचा संच ठरवला. त्यात ‘खपली’ याच नावाने ही बाई मुक्कामाला होती, कारण तांबेरा तिला सहसा हात लावत नसे. तिकडच्या घरांत हल्ली आइनकॉर्न, एमर आणि स्पेल्ट ही जुन्या गव्हांची पिठं बिस्किटांसाठी वापरतात. तिघांना एका माळेत ओवलं जात असलं तरी स्पेल्ट वागायला साध्या गव्हाच्या जवळचा. खालचं माप खपलीचं आहे, ते स्पेल्टला जसंच्या तसं लावू नये.

आठ बिस्किटांसाठी २०० ग्रॅम खपलीचं पीठ घ्यायचं. वाटीने मोजू नये; चक्कीचं पीठ वाटीत कधी दाबून बसतं, कधी फुगून, आणि वीस-तीस ग्रॅमचा फरक सहज पडतो. दळण बारीक हवं. मैद्याच्या चाळणीने चाळून वर राहणारा जाड कोंडा बाजूला काढावा, मग वजन करावं. कोंड्याच्या धारदार कडा आधीच दुबळं असलेलं ग्लुटेन कापतात आणि बिस्किट भुसभुशीत होतं. गिरणीतून गरम आणलेलं पीठ लगेच वापरू नये. उन्हाळ्यात तर ते डब्यासकट अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावं.

त्यात चहाचा दीड सपाट चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा खाण्याचा सोडा, एक चमचा साखर आणि पाव चमचा मीठ. हे मीठ खारं बटर धरून. बिनमिठाचं असेल तर अर्धा चमचा. सोडा चाळूनच घाला. त्याची एखादी गुठळी राहिली तर बिस्किटावर तपकिरी डाग येतो आणि त्या घासाला साबणाची चव लागते. बेकिंग पावडरचा डबा कधी उघडला ते आठवत नसेल, तर अर्धा चमचा गरम पाण्यात टाकून बघा. जोरात फसफसली नाही तर फेकून द्या.

आता ओलं. अमेरिकन पाककृतींत ‘बटरमिल्क’ लिहिलेलं असतं, ते दाट असतं. आपलं पातळ ताक तिथे चालत नाही. ११० ग्रॅम आंबटसर दही ५० मिलिलिटर पाण्यात घुसळून केलेलं दाट ताक फ्रीजमध्ये गार करावं. बटर ७० ग्रॅम. थंड बटर बोटांनी पिठात चुरायची मूळ पद्धत आपल्या हवेत जमणं कठीण. पीठ आणि बटर एकजीव होईपर्यंतच ते वितळतं. त्यापेक्षा बटर वितळवून पाच मिनिटं निवू द्यावं आणि बर्फगार ताकात धारेने ओतत काट्याने ढवळावं. क्षणात त्याचे बारीक पिवळे कण धरतात, घुसळताना लोणी येऊ लागतं तसे. हे कणच हवेत. ओव्हनमध्ये ते वितळतात, त्यांतल्या पाण्याची वाफ होते आणि त्या जागी पोकळी राहते. कण धरलेच नाहीत तर ताक पुरेसं गार नव्हतं. भांडं दहा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवून पुन्हा ढवळा. बटरऐवजी तूप घालायचा मोह होतो. तुपात पाणी नसतं, त्यामुळे वाफ होत नाही आणि पदार्थ नानकटाईच्या वाटेला लागतो. चवीला वाईट नाही, पण मग ते हे बिस्किट नव्हे.

ओलं कोरड्यात ओतून उलथन्याने दहा-बारा वेळा खालून वर करावं. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबायचं. यावेळी मिश्रण भज्यांच्या पिठापेक्षा जरा घट्ट, पण हाताला नकोसं चिकट असतं. इथेच बहुतेकजण मूठभर पीठ वाढवतात आणि बिस्किट कोरडं करून बसतात. खपली पाणी सावकाश पिते. पाच मिनिटं झाकून ठेवलं की कोंडा भिजतो आणि मिश्रण आपोआप आवळतं. दहा मिनिटांच्या वर मात्र ठेवू नये. सोड्याचा वायू निघून गेला की तो परत येत नाही.

ओव्हन त्याआधीच २२० अंशांवर, खालच्या-वरच्या दोन्ही दांड्या लावून, पंधरा मिनिटं तापलेला हवा. कागद घातलेल्या ट्रेवर मोठ्या चमच्याने साधारण ५४ ग्रॅमचे आठ ढीग, मध्ये तीन-चार सेंटिमीटर अंतर सोडून. वरून गुळगुळीत करू नका. ती वर आलेली टोकंच आधी खरपूस होतात, आणि खरी मजा तिथेच आहे. चौदा ते सोळा मिनिटं. पसरून चपटी झाली तर ओव्हन कमी तापला होता किंवा ताकात बटरचे कण नीट धरले नव्हते. कुकरमध्ये करायची तर शिट्टी आणि रबर काढून, तळाला मीठ पसरून, मध्यम आचेवर पंचवीस-तीस मिनिटं. वरून रंग येत नाही, म्हणून शेवटी तव्यावर मिनिटभर पालथी घालायची.

ट्रेमधून काढल्यावर दहा मिनिटं धीर धरा. गरम फोडलं तर आतून गिचका लागतो आणि कच्चं राहिल्याचा समज होतो. तिकडे यावर सॉसेजची दाट पांढरी ग्रेव्ही ओततात. आपल्या ताटात त्या जागी घट्टसर पिठलं आणि कडेला ठेचा बसतो, आणि आमच्या मते ग्रेव्हीपेक्षा बरा बसतो. फक्त ज्यांना सीलिअ‍ॅक, म्हणजे ग्लुटेन न सोसणारा आजार, आहे त्यांना हे वाढू नये. खपलीत ग्लुटेन दुबळं असलं तरी असतं, आणि ‘प्राचीन धान्य’ या लेबलाने ते जात नाही.

उरलेली दुसऱ्या दिवशी कोरडी पडतात. मायक्रोवेव्हमध्ये ती आधी रबरासारखी आणि मग दगड होतात. आडवी फोडून, कापलेली बाजू खाली करून, लोणी सोडलेल्या तव्यावर मंद आचेवर दोन मिनिटं भाजावीत.