तुम्ही विचारलंत म्हणून: सुपारी घेणाऱ्या बाईचं मन कुठे खातं?

थरारकादंबरी लिहायला बसलेली माणसं हा प्रश्न हमखास विचारतात: ‘माझी नायिका पैसे घेऊन खून करते, पण तिला विवेक आहे. हे वाचकाला पटवायचं कसं?’ आणि प्रश्नाच्या शेपटाला उत्तरही बांधून आणतात. ती म्हणे फक्त वाईट माणसांनाच मारते. झोपड्या पेटवणारा बिल्डर, मुलं पळवणारा दलाल, औषधात भेसळ करणारा कारखानदार.

हे उत्तर आधी खोडा. अशा गोष्टीत नायिकेचा सगळा हिशेब लेखकानेच परस्पर चुकता केलेला असतो. मरणारा इतका नालायक, की त्याच्या जाण्याने कुणाचं काही अडत नाही. मग तिच्या विवेकाला काम काय उरलं? वाचक दुसऱ्या खुनापर्यंत टाळ्या वाजवतो, तिसऱ्याला जांभई देतो.

आधी शब्दाकडे बघा, कारण अर्धी गोष्ट तिथेच आहे. आपल्याकडे विडा उचलायचा तो भर दरबारात, चारचौघांच्या साक्षीने. सुपारीचं तसं नाही. लग्न ठरलं की सुपारी फुटते, जत्रेसाठी तमाशाच्या फडाला सुपारी देतात, बँडवाल्याला देतात. म्हणजे सुपारी हा इसार आहे, धंद्याचा शब्द. मुंबईच्या टोळ्यांनी तो उचलला आणि आज हिंदी वाहिन्यांपासून इंग्रजी वर्तमानपत्रांपर्यंत तोच चालतो. तेव्हा नवऱ्याच्या खुनाचा बदला घेणारी बाई सुपारीवाली नव्हे. तिची गोष्ट वेगळी, तिचं समर्थन तिच्या दुःखातच तयार असतं. सुपारीवालीचं मरणाऱ्याशी काही वाकडं नसतं, आणि तिच्या मनाला टोचणी लागायची ती नेमकी यामुळेच. पन्नासाव्या पानावर ‘हाच तो, ज्याने तिच्या बापाला मारलं होतं’ असं उघड झालं, की धंद्याची कादंबरी संपते आणि सूडाची सुरू होते. चांगले लेखकही इथे घसरतात.

म्हणून पैसे दाखवा. ‘मोठी रक्कम’ असं लिहून सुटू नका. पेटी म्हणजे लाख, खोका म्हणजे कोटी. खोका तर 2022 साली विधानभवनाच्या पायऱ्यांवरच्या घोषणेतही गेला. पाच पेटी म्हणजे पाचशेच्या हजार नोटा, दहा गड्ड्या. रव्याच्या मोठ्या डब्यात तळाशी सहज बसतात. आता तो डबा कोण उघडतं, त्यातून कुणाची फी जाते, खोलीचं डिपॉझिट कुठून आलं असं सासूने विचारलं तर ती काय सांगते, हे लिहा. कथा 2023 च्या मेनंतरची असेल तर दोन हजारांच्या नोटांची गड्डी देऊ नका, त्या चलनातून मागे घेतल्या जात होत्या. आणि फुकटचं कथानक हवं असेल तर 8 नोव्हेंबर 2016 ची रात्र घ्या. बँकेत नेता येत नाही असा पैसा घरात पडलेला, आणि मध्यरात्रीपासून पाचशे-हजाराच्या नोटा बाद.

दुसरी गोष्ट साखळीची. सिनेमातला सुपारी किलर एकटा असतो, छतावर दुर्बिणीची बंदूक लावून बसतो. मुंबईत प्रत्यक्ष झालं ते बघा. 16 जानेवारी 1997 ला कामगार नेते डॉ. दत्ता सामंत पवईत घराजवळ मारले गेले. त्याच वर्षी 12 ऑगस्टला गुलशन कुमार अंधेरीत देवळाबाहेर. 11 जून 2011 ला पत्रकार ज्योतिर्मय डे, पुन्हा पवईतच. तिन्ही खून दिवसाउजेडी, रस्त्यावर, आणि एकट्यादुकट्याचं काम एकही नाही. पैसे देणारा एक, मधला माणूस दुसरा, टीप देणारा तिसरा, ‘घोडा’ म्हणजे पिस्तूल पोचवणारा चौथा, गाडी चालवणारा पाचवा. प्रत्येकाला आपल्यापुरतंच माहीत. डे यांच्या खुनानंतर पोलिसांनी सांगितलं होतं, की मारलेला माणूस पत्रकार होता हे मारणाऱ्यांना बातम्यांतून कळलं. हा तपशील सोडू नका. ही साखळी अज्ञानावर चालते आणि ‘का?’ न विचारणं ही तिथली पहिली अट असते. तुमच्या नायिकेला विवेक द्यायचा म्हणजे आधी कुतूहल द्यायचं. तिने एकदाच, चुकीच्या माणसाला, नको तो प्रश्न विचारायचा.

आणि तो प्रश्न तिला पडणार कुठे, तर रेकीत, म्हणजे खुनाआधीच्या पाळतीत. साखळीतल्या बाकीच्यांना मरणारा म्हणजे एक नाव, एक फोटो, एक गाडीचा नंबर. पाळतीवर असलेल्यालाच त्याच्याकडे माणूस म्हणून बघावं लागतं. तो दुधाची पिशवी आणायला स्वतः उतरतो, जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबून दम घेतो, कुत्र्याला बिस्किट घालताना आजूबाजूला बघतो, कारण सोसायटीत त्यावरून भांडण झालेलं असतं. लेखक मात्र सात दिवसांची पाळत ‘तिने आठवडाभर त्याच्या हालचाली टिपल्या’ अशा एका ओळीत उरकतात आणि गोळीबाराला सहा पानं देतात. मी म्हणेन उलटं करा. गोळीबार अर्ध्या पानात संपवा, तो प्रत्यक्षातही काही सेकंदांचाच असतो.

त्यासाठी एक काम सांगते. कादंबरी सुरू करण्याआधी तिच्या रेकीची वही लिहून काढा. सात दिवस, रोजचं अर्धं पान, तिच्या भाषेत. पहिले चार दिवस फक्त कामाचं: वेळ, रस्ता, सोबत कोण. पाचव्या दिवशी तिच्या हातून एक बिनकामाची नोंद झाली पाहिजे. ‘आज चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली.’ तेवढंच, पुढे काही नाही. सहाव्या दिवशी तिने ती ओळ खोडलेली असू दे. ‘तिच्या मनात द्वंद्व सुरू झालं’ हे वाक्य मग लिहावं लागत नाही.

नायिका बाई असल्याचा खरा फरकही रेकीतच पडतो, आणि बहुतेक हस्तलिखितांत तो नेमका उलटा लिहिलेला सापडतो. ‘बाईवर कुणी संशय घेत नाही’ हे अर्धंच खरं. पुरुष पानाच्या टपरीपाशी तासभर बिनकामाचा उभा राहिला तरी कुणाचं लक्ष जात नाही. बाई नाक्यावर दहा मिनिटं नुसती उभी राहिली की टपरीवाला, रिक्षावाले, वरच्या गॅलरीतल्या आजी, सगळे तिच्याकडे बघतात. तिला उभं राहायला निमित्त लागतं: भाजीची पिशवी, शाळा सुटायची वेळ, रेशनची रांग, देवळाची पायरी. निमित्त असलं की ती दिसेनाशी होते, ते संपलं की नजरेत भरते. हे बारकाईने लिहिलंत तर तणाव आपोआप येतो. मोठ्या सोसायटीत घरकाम, पार्लरची घरपोच सेवा किंवा रात्रपाळीची आया म्हणून शिरली, तर गेटवरच्या वहीत नाही तर रखवालदाराच्या मोबाइलमध्ये नाव, फोटो आणि वेळ राहते. आणि गुन्हा घडला की पोलीस आधी चौकशीला नेतात ते कामवालीला. तिच्याऐवजी ज्या बाईला उचललं, तिचं काय? ‘निरपराध लहान मूल अचानक मध्ये आलं’ या झिजलेल्या प्रसंगापेक्षा मला हा पेच कितीतरी जड वाटतो. मूल बघून कुणाचाही हात थांबेल. आपल्यामुळे कोठडीत बसलेल्या अनोळखी बाईसाठी कोण थांबतं, ते बघायचं.

मन खातंय हे बोलून न दाखवता कसं दाखवायचं, याचा जुना नमुना ल्यूक बेसाँच्या 1990 सालच्या ‘निकिता’ या फ्रेंच चित्रपटात आहे. व्हेनिसच्या हॉटेलात न्हाणीघराचं दार लावून ती बंदूक रोखून बसलेली, आणि दाराबाहेरून तिचा प्रियकर तिच्याशी जिव्हाळ्याने बोलतोय. ती त्याला उत्तरंही देते. संवाद प्रेमाचे, हात कामात. पश्चात्तापावर एक वाक्य नाही.

आता मन खायला लागलं, पुढे काय? तिला वाटा थोड्याच आहेत आणि फुकट एकही नाही. इसार परत केला तर कुणाला मारायचंय ते नाव तिला कळलेलं आहे, म्हणजे टोळीला तीच आता धोका. नेम मुद्दाम चुकवला तर काम दुसऱ्याकडे जाईल, आणि तो इतकी पाळतही ठेवणार नाही. सावध केलं तर समोरचा माणूस तिचे पाय धरणार नाही, 112 ला फोन लावेल. लेखकांना चौथी वाट आवडते, ती म्हणजे पोलिसांकडे जाणं. तिथे कायदा नीट वाचून घ्या, कारण ठोकळेबाज शेवट इथेच होतात.

सुपारी स्वीकारून ती कटात सामील झाली, की शेवटच्या क्षणी पाय मागे घेतल्याने ती धुऊन निघत नाही. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्यात कट कलम 61 मध्ये येतो, खुनाची शिक्षा 103 मध्ये, आणि संघटित गुन्ह्याच्या कलम 111 मध्ये सुपारी घेऊन केलेल्या खुनाचा थेट उल्लेख आहे. त्याआधीची कथा असेल तर जुन्या भारतीय दंड संहितेची कलमं, 120-ब आणि 302, लिहा. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब एरवी पुरावा ठरत नाही. 1999 च्या मोक्का, म्हणजे महाराष्ट्राच्या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यात ठरू शकतो, पण तो अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने नोंदवावा लागतो. त्यामुळे चौकीतल्या हवालदारापुढे ती ढसाढसा रडली आणि खटला निकाली निघाला, असं होत नाही. सूर्यास्तानंतर तिला अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला पोलीस अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची आधी घेतलेली परवानगी लागते. रात्री दोनला दार फोडून तिला फरपटत नेणारा इन्स्पेक्टर दाखवायचा असेल तर जरूर दाखवा, पण तिच्या वकिलाने ते न्यायालयात काढलंच पाहिजे.

माफीचा साक्षीदार होणं, म्हणजे आरोपीनेच माफीच्या बदल्यात साथीदारांविरुद्ध साक्ष देणं, ही मला यातली सगळ्यात नाट्यमय जागा वाटते, आणि तिला उपसंहारात कोंबलेलं पाहून जीव तुटतो. माफी न्यायालय देतं, आणि अट अशी की माहीत असलेलं सगळं, स्वतःच्या वाट्यासकट, खरं सांगायचं. काही लपवलं तर माफी जाऊ शकते. आधीच जामिनावर नसेल तर खटला संपेपर्यंत तिला कोठडीतच राहावं लागतं. म्हणजे खरं बोलायला तयार झालेली बाई भायखळ्याच्या महिला कारागृहात तारखा मोजत बसणार, आणि पैसे देणारा कदाचित जामिनावर बाहेर. मग उलटतपासणी. बचावाचा वकील तिच्या विवेकाचीच चिंधी करणार: ‘बाई, पहिल्या दोन खुनांच्या वेळी हे मन कुठे होतं?’ या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नसावं. लेखकाकडेही नसलं तर उत्तमच.

हत्यारांबद्दल फार विचारतात, म्हणून थोडक्यात. रिव्हॉल्व्हरला सायलेन्सर लावू नका, सिलिंडर आणि नळीच्या फटीतून आवाज निसटतो. पिस्तुलाचाही आवाज सायलेन्सरने कमी होतो, ‘फुस्स’ होत नाही. पिस्तूल पुंगळ्या बाहेर फेकतं, रिव्हॉल्व्हर त्या पोटात ठेवतं. पंचनाम्यात पुंगळ्या सापडल्या तर आधीच्या पानावर हातात काय होतं ते तपासा. मुंबईत त्या पुंगळ्या कलिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत जातात आणि अहवाल दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर येत नाही. एवढं पुरे. यापुढचे तपशील कादंबरीला लागत नाहीत.

‘शेवटी तिला मारू का?’ हेही विचारता. मारून टाकली की लेखकाची सुटका होते. तिने जे केलं त्याचं काय करायचं, हे मग ठरवावं लागत नाही. ‘निकिता’त ती निघून जाते, आणि तिच्यावर आपला हक्क समजणारे दोन पुरुष तिच्याविषयी बोलत बसतात. तुमच्या कादंबरीत निघून जायचं तर रव्याचा डबा आहेच. त्यातल्या उरलेल्या गड्ड्या ती बरोबर घेते की तिथेच ठेवते, तेवढं ठरवा आणि थांबा.